सत्यानाशाची रुई

मामा,

तुला जाऊन अजून पंधरवडाही झाला नाही आणि माझं तुझ्याशी भांडण सुरू झालंसुद्धा. काल वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खडू मोडला, आणि मागून कोणीतरी पोरगी हळूच म्हणाली, “रुइन!” सगळा वर्ग हसला. ही सवय त्यांना माझ्यामुळे लागली, मला तुझ्यामुळे, आणि तुला तुझ्या त्या मेमसाबमुळे. मी रागावले नाही. फळ्याकडे तोंड करून उरलेल्या तुकड्याने वाक्य पुरं केलं.

तू कुठे जन्मलास, किती शिकलास, हे मी लिहीत बसणार नाही. चौथीनंतर तू शाळेचं तोंड पाहिलं नाहीस, आणि ते तूच सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत सुटायचास. मला सांगायची आहे ती एका शब्दाची गोष्ट. तुला ती सगळी ठाऊक आहे. पण तू सांगायचास तेव्हा इतका मीठमसाला लावायचास की मूळ भाजी कुठली ते कळायचं नाही. आता अडवायला तू नाहीस, तर एकदा मला माझ्या पद्धतीने सांगू दे.

छप्पन सालच्या दसऱ्याला बाबा नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. मागोमाग बोरीअरबजवळच्या आमच्या खेड्यातल्या सगळ्या वस्तीने दीक्षा घेतली. घरातले देव काढायचे ठरले. बाबांनी देव्हाऱ्यातले टाक, शेंदूर फासलेली मरीमाय, तिच्यापुढचा तांब्या, सगळं एका टोपलीत भरलं आणि नदीवर नेलं. माय टोपलीमागे चालत होती. परत फिरा असं ती एकदाही म्हणाली नाही, पण चालताना तिचा पदर सारखा घसरत होता आणि तो सावरायचं तिला सुचत नव्हतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला मजा वाटत होती.

बाबांची म्हातारी आत्या, आमची राहीआजी, आमच्याच घरात राहायची. मरीमायचं सगळं तीच करायची, तिच्या अंगात यायचं. ज्या हातांनी ती मरीमायला हळद लावायची त्याच हातांनी तिने मला न्हाऊमाखू घातलं होतं. टोपली पाण्यात सुटली तशी ती काठावर उभी राहून ओरडली, “माही माय बुडवली तुमी! घरादाराचा सत्यानास होईन तुमच्या! दिवा लावाले कोणी राह्यणार नाही!” आणि त्याच दुपारी गाठोडं बांधून ती महागावकडे तिच्या लेकीच्या घरी निघून गेली.

बाबा म्हणाले, “म्हातारी हाय, बोलली.” त्यांच्या दृष्टीने विषय संपला. मायच्या दृष्टीने तो सुरू झाला. विहिरीचा दोर तुटला, की ती मटकन खाली बसायची. शेळीचं पिल्लू दगावलं, धाकट्याला खोकला झाला, दह्याला विरजण लागलं नाही, की तोंडातल्या तोंडात तेच, “आत्याबाईचा शब्द लागला.” राहीआजी एकदाच बोलली होती, पण आमच्या घरात ती रोज बोलत असे. मी बोरीच्या शाळेत जायची तर माय माझ्यामागे गावाच्या शेवटपर्यंत यायची, आणि शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा तिथेच उभी. ती मला कुठेच एकटी सोडीना. बाबांचं स्वप्न होतं की सातवी झाली की मला यवतमाळला ठेवायचं, मुलींच्या वसतिगृहात, मॅट्रिक होईपर्यंत. माय म्हणायची, “इथं डोयापुढं ठेवते तरी माहा जीव थाऱ्यावर नसते. तिकडं धाडू? अन् काही झालं तं?”

त्या ‘काही झालं तं’पुढे बाबांचं काही चालत नव्हतं.

तू तेव्हा पांढरकवड्याकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात होतास. आधी तिथल्या गोऱ्या मेमसाबच्या बगिच्याला पाणी घालायचास, मग जीप शिकलास. मायचा तू धाकटा भाऊ, सुखदेव. नदीवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आलास तेव्हा बाबांनी तुला चिडवलं, की सगळे देव बुडवले, तुझ्या नावातला तेवढा राहिला. तू म्हणालास, “भाऊजी, तो सुखाचा हाय, राहू द्या. कोनाचं खात नाही.” माय हसली नाही. तू तिच्याकडे पाहिलंस, आणि मला वाटतं, तेव्हाच तिची भीती तुझ्या ध्यानात आली.

त्याच संध्याकाळी तू ओट्यावर चकाट्या पिटत बसला होतास आणि आत चुलीवरचं दूध उतू गेलं. अर्ध्याहून जास्त गेलं. माय भांड्याकडे पाहत तशीच बसली, हातात फडकं, चेहरा उतरलेला. तू दारातून आत डोकावलास, दोन्ही हात डोक्याला लावलेस आणि बायकी आवाज काढून ओरडलास, “रुइन! टोटल रुइन!”

माय दचकली. “काय झालं रे?”

“काही नाही बाई. इंग्रजी हाय. आमची मेमसाब म्हनते.”

“म्हंजे काय?”

तू क्षणभर थांबलास. तेवढं थांबणं मला अजून दिसतं. खोटं सांगता आलं असतं तुला, आणि एरवी तुला त्याचं वावडं नव्हतं. पण तू म्हणालास, “म्हंजे सत्यानास.”

मायच्या हातातलं फडकं खाली पडलं. तू तिच्यासमोर उकिडवा बसलास आणि बोलत सुटलास. मेमसाबचा पाव करपला की रुइन. वाऱ्याने छत्री उलटी झाली की रुइन. बकरीनं तिची फुलं खाल्ली, रुइन. धोब्यानं झग्याले नीळ जास्त लावली, रुइन. सकाळच्या पारी रुइन, दुपारी रुइन, चहाच्या टायमाले एखादा रुइन नाही झाला तर तिलेच चुकल्यासारखं वाटते.

“मंग?” मायने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मंग काय! चहा पेते. अन् दुसऱ्या दिवशी नवा पाव भट्टीत घालते.”

“एवढे सत्यानास होऊन?”

“रोजचे वं बाई. अन् तब्येतीनं अशी खनखनीत हाय, का दोन गडी तिच्यासंगं चालताना धापा टाकते.”

माय हसली. फार नाही, पण हसली. नदीवरून आल्यापासून आम्ही ते पाहिलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

पुढची करामत मायची स्वतःची. ती हंगामात कापसाच्या जिनात कामाला जायची. कापसातून सरकी निघाली की राहते ती रुई, आणि ती दिवसभर तिच्या नाकाकानात, केसांत, पापण्यांवर बसलेली असायची. तुझा तो ‘रुइन’ तिच्या कानात शिरला आणि आत बसलेल्या रुईत मिसळून गेला. दोनचार दिवसांनी मडकं फुटलं, तर ती हात झटकून म्हणाली, “जाऊ दे. रुई झाली.” मडक्याची रुई! मला हसू आवरेना. मी म्हणाले, “माय, रुई नाही वं, रुइन.” ती म्हणाली, “तेच तं म्हनते मी.” पुढच्या खेपेला तू आलास तेव्हा मी तुझ्याकडे तक्रार केली, की माय चुकीचं बोलते, तिला नीट सांग. तू माझ्या डोक्यात टपली मारलीस. “चूप बस लीले. तिले बरोबर आयकू आलं.”

मी तेव्हा ऐकून घेतलं नाही. पण आता वाटतं, की त्या एका चुकीनेच आमचं घर तरलं. सत्यानाश म्हटलं की मायच्या छातीवर धोंडा पडायचा. रुई तिच्या हाताखालची होती. ती तिने टोपल्यांनी उचलली होती, पदराने झटकली होती, तोंडाने फुंकून उडवली होती. विहिरीचा दोर तुटला, रुई झाली. भाकर करपली, रुई झाली. आमच्या वस्तीतल्या बायकाही म्हणायला लागल्या, आणि त्यांना तर हे इंग्रजी आहे याचा पत्ताही नव्हता. एकदा बोरीच्या बाजारात एक अनोळखी बाई सांडलेल्या तेलाकडे पाहून म्हणाली, “झाली रुई.” मायने मला कोपराने ढोसलं. किती मिरवली ती त्या दिवशी!

हे तू ठरवून केलंस का, मामा? तुला मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तू सरळ उत्तर दिलं नसतंस. कधी वाटतं, की तुला नकला करायची हौस होती आणि बाकी आपोआप झालं. कधी ते दुधाच्या भांड्यापुढचं तुझं क्षणभर थांबणं आठवतं, आणि वाटतं की नाही, याला सगळं कळत होतं. घाबरवणाऱ्या शब्दाला घरात घ्यायचं, चुलीपाशी बसवायचं, भाकरीला आणि मडक्याला लावायचं, म्हणजे त्याची नखं झिजतात, हे तुला कोणी शिकवलं?

सातवीची परीक्षा झाली. माझा पहिला नंबर आला. तू आणि बाबा मिळून मायला दोन महिने सांगत होतात आणि शेवटी ती हो म्हणाली. खळखळ करत का होईना, पण म्हणाली. तू मला यवतमाळला पोचवायला येणार होतास. पत्र्याच्या पेटीत माझे दोन परकर-पोलके, एक चादर, सातूचं पीठ, असं सगळं भरून झालं. आणि निघायच्या आदल्या दुपारी वादळ आलं.

पाऊस नव्हता, नुसता वारा. छपरावरची टिनं उचलली गेली आणि एकेक करत पलीकडच्या वावरात जाऊन पडली. पऱ्हाटीच्या काड्यांचा कूड आडवा झाला. मागची मातीची भिंत आत कोसळली ती नेमकी माझ्या पेटीवर आणि धान्याच्या कणगीवर. आम्ही सगळे बाहेर होतो, कोणाला खरचटलंही नाही. पण वारा थांबल्यावर जे दिसलं ते घर नव्हतं. वस्तीतली माणसं जमली. प्रत्येकाच्या मनात काय आहे ते प्रत्येकाला कळत होतं. नदीवर राहीआजी ओरडली तेव्हा यातले बरेचजण तिथे होते. बाबा माझ्या पेटीवरची ढेकळं उचलत खालच्या आवाजात मला म्हणाले, “औंदा राहू दे पोरी. पुढच्या वर्षी पाहू.” मला रडू फुटलं. पुढचं वर्ष कधीच येणार नाही हे तेरा वर्षांच्या मुलीलाही कळतं.

तेवढ्यात तू आलास. रस्त्यावरूनच तुला दिसलं असणार, कारण तू पळत आलास. पडलेल्या भिंतीसमोर उभा राहिलास. तोंड उघडलंस आणि मिटलंस. तुला कधीही, कशावरही बोलायला सुचलं नाही असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

माय तुझ्याकडे पाहत होती. आम्ही सगळेच तिच्याकडे पाहत होतो.

“काहून रे,” ती म्हणाली, “आज नाही म्हनत?”

“आज कसं म्हनू, बाई?”

“म्हन.”

“बाई...”

“म्हन, सुखदेव. तू नाही म्हनला तं मले खरं वाटन.”

तू हळूच म्हणालास, “रुइन.” मेमसाबचा आवाज नाही, हातवारे नाहीत, नुसता शब्द.

मायने पदर खोचला. “रुई झाली,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “उचला टिनं. अन् पोरीची पेटी काढा पयले. तिले उद्याची मोटार हाय.”

मामा, माझं जे काही झालं ते त्या एका वाक्यात झालं. वसतिगृह, मॅट्रिक, ट्रेनिंग, ही नोकरी, हा फळा. लोक मला विचारतात तुम्हाला कोणी शिकवलं, तर मी शाळेचं नाव सांगते. खरं उत्तर फार लांब आहे आणि त्यात एक करपलेला पाव येतो.

दुसऱ्या दिवशी चेपलेली पेटी डोक्यावर घेऊन तू मला यवतमाळला नेलंस. मोटारस्टँडवर मला संत्रं सोलून दिलंस आणि त्याचा रस माझ्या धुतलेल्या पोलक्यावर उडाला. आपण दोघांनी एकदमच तो शब्द उच्चारला आणि इतके हसलो, की हमाल बघायला लागले. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं होतं, तुमच्यात देव नाहीत ना, मग तुमचं कोण बघतं? मी म्हणाले होते, माझा मामा. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

आता भांडणाकडे येते. इंग्रजी नीट शिकायला लागले तशी मी शहाणी झाले. आमच्या पुस्तकात ‘रुइन’ म्हणजे पडके किल्ले, बुडालेली राज्यं. सुट्टीत आल्यावर मी तुला सांगितलं, की दुधाला आणि छत्रीला हा शब्द चालत नाही, त्याला दुसरे शब्द आहेत. तू विडी बाजूला ठेवलीस. “तुह्या पुस्तकातले इंग्रज मेलेले हायेत. माही मेमसाब जित्ती हाय. कोनाचं आयकू?” पुढची कितीतरी वर्षं आपण हेच भांडलो. मी दर सुट्टीला नवीन वाक्य काढून आणायची आणि तू दर वेळी मेमसाबची नवीन फजिती. तुझ्या इंग्रजीत खोट काढायला जागा कमी नव्हती. ‘टोटल’ म्हणजे देवाच्या मर्जीने, असं तू किती वर्षं समजत होतास! पण तो एक शब्द तू सोडला नाहीस.

नोकरीला लागल्यावर मी जरा जास्त वाचायला लागले, तेव्हा कळलं की तिकडची माणसं टोपीला, जेवणाला, एखाद्या संध्याकाळीलाही ‘रुइन’ लावतात. अगदी रोज लावतात. आणि किल्ल्यालाही तोच. उधळ्या माणसालाही तोच, आणि ज्या पोरीचं नाव बदनाम झालं तिलाही तोच. म्हणजे तू बरोबर आणि मीही बरोबर, आणि आपलं भांडण मिटायला काही कारणच नव्हतं. पण यातून मी एक नवीन मुद्दा काढला होता आणि दिवाळीला तुझ्यापुढे ठेवणार होते. मुद्दा असा, की एकच शब्द पावालाही वापरला आणि राज्यालाही वापरला, तर खरोखर राज्य बुडेल त्या दिवशी माणसाने बोलायचं काय? तुझं उत्तर मला ऐकायचं होतं. काहीतरी वेडंवाकडं आणि न खोडता येणारं उत्तर दिलं असतंस तू.

दिवाळीच्या आधी तुला कावीळ झाली.

निरोप आला तेव्हा मी शाळेत होते. पांढरकवड्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुझ्या दारात मामी आणि माय शेजारी शेजारी बसल्या होत्या. तू चाळिशीही पाहिली नव्हतीस. खरं सांगू? मला त्या दिवशी एक मोठा शब्द हवा होता. तोंडभर, छाती फुटेल असा. मी शोधला आणि हाताला लागले ते सगळे तू झिजवून ठेवलेले. मडकी, भाकरी, छत्र्या, पोलक्यावरचा डाग. जो म्हणावा तो म्हणताना तुझा बायकी आवाज ऐकू यायचा. मी तुझ्यावर चिडले, मामा. जिवंत माणसावर चिडावं तशी चिडले. म्हटलं, यानं आपल्यासाठी एकही शब्द शिल्लक ठेवला नाही, याच्यासाठी रडायलासुद्धा.

पाचव्या दिवशी राहीआजी आली. नदीवरून गेली ती तेव्हापासून तिने आमचं तोंड पाहिलं नव्हतं. महागावहून येताना तिच्या नातवाने तिला जवळजवळ उचलूनच आणली होती. डोळ्याला दिसत नव्हतं. ती दारातच बसली आणि कपाळ बडवायला लागली. “माह्या तोंडाले आग लागो वं! मीच म्हनलं होतं. माह्याच शब्दानं खाल्लं लेकराले!”

मामी मायकडे पाहायला लागली. इतक्या वर्षांनी तो शब्द परत आला होता, आणि या वेळी तो उच्चारणारीच तो खरा ठरला म्हणून सांगत होती. वाटलं, आता माय मटकन बसणार. विहिरीच्या दोरापासून आपण जे काही मिळवलं ते सगळं आत्ता, इथे, जाणार.

माय उठली. म्हातारीजवळ गेली, तिचे बडवणारे हात धरले आणि मांडीवर ठेवले. “आत्याबाई,” ती म्हणाली, “सुखदेव कावीळनं गेला. तुमच्या बोलन्यानं माहं दूध बी नासलं नाही कधी.”

“मंग हे काय झालं वं?” म्हातारी लहान पोरासारखी विचारत होती. “सत्यानास नाही तं काय झालं?”

“नुकसान झालं,” माय म्हणाली. “माहं नुकसान झालं, आत्याबाई. लय मोठं नुकसान झालं. जलमभर भरून नाही निघनार.” मग डोळे पुसून म्हणाली, “पन सत्यानास नाही झाला. घर हाय, दार हाय, पोर मास्तरनी झाली. दिवा लावाले मानसं हायेत. तुमी पानी प्या.”

आणि तिने आपल्या हाताने राहीआजीला पाणी पाजलं. त्यानंतर दोघी रडल्या, आणि मीही रडले. कुठल्याही शब्दाशिवाय चांगलं पोटभर रडता येतं, हे मला तेव्हा कळलं. तुझ्यावरचा राग तिथेच निवला. तू मायला भीतीतून सोडवलंस आणि दहा-बारा वर्षांनी तिने राहीआजीला सोडवलं. ते बघायला तू नव्हतास याचं वाईट वाटतं. तू असतास तर मधेच काहीतरी बोलून सगळं बिघडवलं असतंस, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मायने मला निघायला सांगितलं. मी म्हणाले, आणखी चार दिवस राहते तुझ्याजवळ. ती म्हणाली, “पोरीयची परीक्षा हाय ना? त्यायनं काय करावं तुह्याबिगर? जा.” मोटारस्टँडवर ती मला पोचवायला आली. मला मोटारीत बसवून खिडकीखाली उभी राहिली.

मोटार सुरू झाली तेव्हा तिने विचारलं, “लीले, नुकसानाले इंग्रजीत काय म्हनते वं?”

“लॉस.”

“लॉस,” तिने म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा म्हटलं, दाताखाली खडा लागावा तसं. “एवढासाच?”

“एवढासाच हाय, माय.”

“लहान पडते,” ती म्हणाली. “पन राहू दे. वापरू. वापरून वापरून होईन त्याच्या मापाचा.”